बागेसाठी पन्नास गुंठे जागा आहे, फंड आलाय, आता नेमकं काय मागायचं?

वडगावची_पाऊलवाट

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय पण सल्ला मनापासून पाहिजे.

आमची वसाहत बेळगावात, वडगावच्या पलीकडं, जिथं पूर्वी बासमती भाताची शेतं होती त्या बाजूला. लेआउट करताना बागेसाठी म्हणून पन्नास गुंठे जागा सोडलेली आहे, नकाशात हिरवी रंगवलेली आहे, पण आजवर तिथं गवत, कडेच्या दोन-चार बाभळी, शेतातली एक जुनी विहीर अन् संध्याकाळी पोरांचं क्रिकेट एवढंच. आता फंड मंजूर झालाय म्हणायलेत. गेल्या आठवड्यात ठेकेदाराकडचा एक माणूस ड्रॉइंग घेऊन आला होता. मधोमध कारंजं, चारी बाजूनं पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, अर्ध्या जागेत लॉन, ओपन जिम, गझिबो म्हणजे छत्रीसारखा मंडप, मोठी कमान, सेल्फी पॉइंट, आणि आठ फुटी कंपाउंड. विहीर बुजवणार. झाडं कुठली लावणार विचारलं तर म्हणाला शोची झाडं लावू साहेब.

लोक खूश आहेत आणि मी खोडा घालतोय असं काहींना वाटायलंय. पण मी आधी जिथं भाड्यानं राहत होतो तिथं घरासमोरच बाग होती. उद्घाटनाच्या वर्षी काय सुंदर होती म्हणून सांगू. तिसऱ्या वर्षी कारंज्यात डासांच्या अळ्या, पाळण्याची एक साखळी तुटलेली, लॉनच्या जागी धूळ, आणि गेटला कुलूप, म्हणजे सकाळी दहाला उघडायचं आणि संध्याकाळी पाचला बंद, जेव्हा कुणीच येत नाही तेव्हाच बाग उघडी. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, गेटच्या गजातून आत बघत उभी राहायची. ते डोळ्यासमोरून जात नाही म्हणून ह्या वेळी आधीच विचारायलोय.

येत्या रविवारी वसाहतीची मीटिंग आहे. घरं साधारण निम्मी मराठी निम्मी कन्नड, सगळे येणार. काय मागायचं, काय नको म्हणायचं, आणि पुढं राखणार कोण?

---

माळीकाका

बाळा, खोडा घालत नाहीस तू, योग्य वेळी विचारलंस. माझी तीस वर्षं बागेच्या कामात गेली, आता रिटायर आहे. तुझं ड्रॉइंग न बघताच सांगतो, त्यात माळ्याची खोली दाखवलेली नसणार, पाण्याचा नळ कुठं येणार तेही नसणार. बघून सांग.

पहिलं पाण्याचं बघ. अर्ध्या जागेत लॉन म्हणजे पंचवीस गुंठे, म्हणजे साधारण अडीच हजार चौरस मीटर. एप्रिल-मे मध्ये लॉन हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं. म्हणजे रोजचं दहा-बारा हजार लिटर, पाच हजारवाले दोन टँकर आणि वर थोडं. रोज. ज्या महिन्यात शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी किती खाली गेली ते आपण पेपरात वाचत असतो त्याच महिन्यात. कोण देणार हे पाणी? कुणी नाही देत, आणि मग लॉन मरतं, माळी वाईट ठरतो. लॉन ठेवायचंच असलं तर दोन-तीन गुंठ्याचा तुकडा ठेवा, लहान लेकरं लोळायला. बाकी झाडांची सावली करा, खाली पालापाचोळा पडू दे, रोज झाडून साफ करू नका, तोच खत होतो आणि ओल धरून ठेवतो.

आणि विहीर बुजवू देऊ नका!! हात जोडून सांगतो. भाताच्या शिवारातली विहीर, पाणी वरच असणार. गाळ काढा, कठडा बांधा, वरून लोखंडी जाळी टाकून कुलूप लावा, पाण्याची तपासणी करून घ्या, आणि एक लहान पंप बसवा. बागेला पिण्याच्या पाण्याचा एक थेंब लागायला नको. बेंगळूरच्या कब्बन पार्कला तर सांडपाणी शुद्ध करून तेच झाडांना घालतात, आपल्याकडं विहीर आयती आहे आणि आपण ती दगडमाती टाकून मुजवणार म्हणजे काय.

माती काळी आहे ना? मग पेव्हर ब्लॉक विसरा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, दोन पावसाळ्यात ब्लॉक वरखाली होतात आणि म्हातारी माणसं ठेचकाळतात. खाली नीट खोदून थर देऊन केलं तर टिकतात, पण तेवढं खोदकाम कोण करतंय. त्यापेक्षा मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ट्रॅक करा, मधे जरा उंच आणि दोन्ही कडेला चर. गुडघ्यालाही बरा. वर्षातून एकदा मुरमाचा हात मारला की झालं.

झाडं मृगाचा पाऊस लागला की लावायची, त्याआधी मे मध्येच तीन बाय तीन बाय तीन फुटाचे खड्डे काढून उन्हात तापू द्यायचे. पाणी जिथं साठतं त्या कोपऱ्यात अर्जुन, करंज, जांभूळ, ताम्हण. उंचावर बकुळ, कडुनिंब, बहावा, सोनचाफा. वड-पिंपळ एखादाच, कडेला, मोठी जागा सोडून. गुलमोहर दिसायला छान पण फांदी पटकन मोडते, पाळण्याजवळ नको. आणि ते कोनोकार्पस म्हणून हिरवंगार काहीतरी आणतील, ते अजिबात नको, गुजरात सरकारनं २०२३ साली त्यावर बंदी घातली, परागकणांचा त्रास होतो आणि मुळं गटारात-पाइपात शिरतात. बाभळी असतील तर तोडू नका, पाखरं असतात त्यावर. सूट दिलेल्या काही जाती सोडल्या तर कुठलंही झाड तोडायचं म्हटलं तर वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, १९७६ चा कर्नाटकाचा कायदा आहे, ते ठेकेदाराला आत्ताच सांगून ठेवा.

---

तिसऱ्या_गेटजवळचा

काकांनी लाख मोलाचं सांगितलं. मी वकिली करतो म्हणून कागदाच्या बाजूनं लिहितो.

आधी जागा पक्की करा. बागेची जागा बागेचीच राहील असं आपण धरून चालतो आणि मग एक दिवस तिथं समाजभवनाचा पाया दिसतो. कर्नाटकात १९८५ चा कायदाच आहे, उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा राखण्याचा. त्यात स्थानिक संस्थेनं अशा सगळ्या जागांची यादी नकाशासकट करायची असते, आणि यादीतली जागा दुसऱ्या कामाला सहजासहजी वापरता येत नाही. तुमचे पन्नास गुंठे त्या यादीत आहेत का, सर्व्हे नंबर बरोबर आहे का, हद्दीचे दगड आहेत का, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. त्याच अर्जात मंजूर एस्टिमेटची प्रत, टेंडरच्या अटी आणि देखभालीची मुदत मागा. ठेकेदाराच्या माणसानं दाखवलेलं रंगीत चित्र म्हणजे एस्टिमेट नव्हे हो, त्यात काय आहे आणि किती आहे ते कागदावरच कळतं.

कुणी म्हणालं की वरून आदेश आला तर काय करणार, तर त्यांना बेंगळूरच्या राजमहल विलास एक्स्टेंशनची गोष्ट सांगा. बागेसाठी राखलेली जागा खासगी दवाखान्याला दिली होती, मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून. तिथलेच रहिवासी कोर्टात गेले. १९९१ साली सुप्रीम कोर्टानं ते वाटप रद्द ठरवलं आणि म्हटलं की बागेवर तिथल्या रहिवाशांचा हक्क आहे, ते दाद मागू शकतात. साधी माणसं होती, घराजवळची बाग जाते म्हणून उठलेली.

दुसरं, वॉर्ड समिती. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरात वॉर्ड समित्या ठेवायला सांगितल्यात. बेळगावची वस्ती २०११ लाच चार लाख ऐंशी हजारांवर होती आणि आता वॉर्ड ५८ आहेत. बागेचा विषय तिथं लेखी द्या, नगरसेवकाला नुसता फोन नको. फोन विसरला जातो, पोचपावती राहते.

आणि अर्ज कन्नडात द्या. मराठीचा मला अभिमान आहे, घरी पोरांशी एक शब्द दुसरा बोलत नाही, पण फाइल कन्नडात फिरते आणि फाइल लवकर हलली पाहिजे. खाली मराठी प्रत जोडा, सह्या दोन्ही समाजाच्या घ्या.

---

खानापूरची_लेक

मी शहर नियोजन शिकले आणि आता पुण्यात नोकरी करते, पण माहेर खानापूर आणि कॉलेज बेळगावात झालं. तिथल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी फिरायला जायचे, तिथं कारंजं नव्हतं, कमान नव्हती, मोठी झाडं आणि चालायची वाट, आणि शंभर माणसं रोज यायची. ते आठवून लिहितेय.

तुमच्याकडं जागा किती मोलाची आहे बघा. केंद्र सरकारची २०१४ ची नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी म्हणतात. बेळगावच्या २०११ च्या वस्तीला दहानं गुणलं तरी सुमारे बाराशे एकर होतात. आणि त्याच तत्त्वांत पाच हजार वस्तीमागं अर्धा हेक्टरची एक बाग धरलीय. पन्नास गुंठे म्हणजे जवळजवळ अर्धा हेक्टरच! म्हणजे ही फक्त तुमच्या वसाहतीची नाही, आजूबाजूच्या पाच हजार माणसांची बाग आहे. मीटिंगला शेजारच्या गल्लीतल्यांना, पलीकडच्या विणकरांच्या घरांतल्या बायकांना बोलवलंय का?

ड्रॉइंगवर भांडण्याआधी एक काम करा. तीन दिवस, एक रविवार आणि दोन साधे वार, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेचार ते सात, तिथं बसून वहीत लिहा, कोण आलं, किती वयाचं, बाई की बाप्या, काय करत होतं, कुठल्या वाटेनं आलं. पायवाटा आधीच पडलेल्या असतील, ट्रॅक त्याच धरून काढा. लोक जिथनं चालतात तिथं फुलांचा वाफा केला की तो तुडवला जातोच, मग पाट्या लावत बसायचं.

आणि मुली. लिहून ठेवते, दहा-बारा वर्षांवरच्या मुली तुमच्या वहीत जवळजवळ नसतील. व्हिएन्नात १९९० च्या दशकात ह्याचाच अभ्यास झाला होता, मुली नवव्या-दहाव्या वर्षानंतर बागेत येईनाशा होतात, कारण एकच मोठं मैदान आणि त्यावर मोठी मुलं. मग १९९९ च्या सुमारास तिथल्या दोन बागा बदलल्या. मैदानाचे लहान भाग पाडले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलला जागा ठेवली, आत यायचे रस्ते वाढवले, आणि मुली परत दिसायला लागल्या. आपल्याकडं तर आठ फुटी भिंत म्हणजे आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतच नाही, मग आई मुलीला एकटी कशी पाठवणार? भिंत नको. अडीच-तीन फुटी कट्टा, वर जाळी. दोन-तीन दारं. दिवे उंच मास्टवर एकच नको, वाटेच्या कडेला कमी उंचीचे, समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसेल असे.

एका दारातून तरी व्हीलचेअर गेली पाहिजे. गुरं येऊ नयेत म्हणून ते फिरतं लोखंडी दार बसवतात, त्यातून माझ्या आजीची काठीसुद्धा अडकायची. उतार बाराला एक, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी.

---

अनगोळ_इलेव्हन

काका काकू सगळे बागेचंच बोलायलेत, क्रिकेट कुठं खेळायचं ते पण सांगा की. आमच्या इथली दोन मोकळी ग्राउंड गेली, एकात बिल्डिंग आली एकात बाग झाली आणि बागेत बॉल आणला की वॉचमन हाकलतोय. आम्ही पण त्याच कॉलनीतली पोरं आहोत ना. शाळा सुटल्यावर मोबाइल घेऊन बसू नका म्हणतात आणि खेळायला जागा पण देत नाहीत. अर्धी तरी जागा मोकळी ठेवा, आम्ही टेनिस बॉलनं खेळतो, काच फुटत नाही. सकाळी लवकर येऊन ग्राउंडवर पाणी मारायला आम्ही तयार आहे, खरंच सांगतोय.

---

माळीकाका

पोरा तुझं बरोबर आहे. पन्नास गुंठे म्हणजे समज शंभर मीटर बाय पन्नास मीटर. त्यात चाळीस बाय पंचवीसचा तुकडा सपाट मातीचा मोकळा ठेवला तरी वीस टक्केच जातात. त्याला ना लॉन लागतं ना माळी. घरांच्या बाजूला नको, रस्त्याच्या बाजूला, आणि लहान लेकरांच्या पाळण्यापासून लांब, मधे झाडांची दुहेरी ओळ. पाळण्याखाली काँक्रीट किंवा फरशी अजिबात नको, फूटभर वाळू, आणि ती वरचेवर उकरून मोकळी करायची नाहीतर दगडासारखी घट्ट होते. त्या वाळूत मांजरं घाण करतात, त्यावर एकच उपाय, रोज बघणं.

एक राहिलं. झाडाच्या बुंध्याभोवती काँक्रीटचा कट्टा घालू देऊ नका. बसायला बरा वाटतो पण मुळाला हवा-पाणी मिळत नाही, झाड वाळतं नाहीतर वादळात पडतं. दिल्लीत हरित लवादानं २०१३ साली सांगितलं होतं की बुंध्यापासून एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. बाकं बांधा की निराळी, सावलीत, पाठ टेकायला येईल अशी.

---

निपाणीकर

देखभालीवर कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी लहानमोठी सरकारी कामं घेत होतो, त्यामुळं आतून बघितलंय. फंड येतो तो बांधायला येतो. खासदार निधीचेच नियम बघा, टिकाऊ मालमत्ता उभी करायला पैसे, पगार आणि रोजचा खर्च त्यातून नाही. म्हणजे कमानीला पैसे मिळतात पण कमानीखालून आत जाऊन पाणी घालणाऱ्या माणसाला मिळत नाहीत. दरवर्षीचा पगार दुसऱ्या खात्यातून यायला पाहिजे आणि ते खातं बहुतेक वेळा रिकामं.

म्हणून आत्ताच टेंडर निघायच्या आधी मागा की बांधकाम आणि तीन वर्षांची देखभाल एकाच कामात धरा, आणि पैसे एकदम नको, देखभालीचा भाग महिन्याला, यादी तपासून. किती झाडं जगली, पाळणे ठीक आहेत का, दिवे लागतात का, शौचालय धुतलं का. मेलेलं झाड ठेकेदारानं पावसाळ्यात बदलून द्यायचं. यादीवर वसाहतीच्या दोघांची सही असेल तरच बिल. टेंडर निघून गेल्यावर हे काही होत नाही, मी स्वतः ठेकेदार होतो म्हणून सांगतो, कागदात नसलेलं काम कोणी करत नाही, परवडतच नाही.

कारंजं वगळा, त्याची मोटर पहिली जाते. गझिबो वगळा. त्या पैशात माळ्याची खोली, हत्यारं ठेवायला जागा, एक शौचालय, विहिरीचा पंप. झाडांची बाग असेल तर सव्वा एकराला एक कायमचा माणूस पुरतो, लॉन आणि फुलांचे वाफे केले तर पुरत नाही. शौचालय नको म्हणणारे निघतील, वास येतो म्हणून. पण ते नसेल तर बायका आणि शुगरवाली वयस्कर माणसं अर्ध्या तासात घरी जातात.

गेटची किल्ली कुणाकडं ते पण लिहून घ्या. पहाटे पाच ते रात्री नऊ उघडं. माझं तर म्हणणं कुलूपच नको.

---

वडगावची_पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मीटिंग झाली, सांगतो काय झालं ते.

खानापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणं मी, माझी मुलगी आणि शेजारचे एक रिटायर्ड मास्तर, तिघं वही घेऊन बसलो. दोनच दिवस जमले. संध्याकाळी त्रेसष्ट माणसं आली, त्यात क्रिकेटची पोरं अठ्ठावीस, बाकी वयस्कर माणसं आणि लहान लेकरांना घेऊन आलेल्या आया. बारा वर्षांवरच्या मुली फक्त दोन, आणि त्यातली एक माझीच, वही धरून बसलेली. हे मी मीटिंगला वाचून दाखवलं तेव्हा मागं बसलेल्या बायका पहिल्यांदा बोलायला लागल्या. आधी सगळे पुरुषच बोलत होते. एक कन्नड ताई म्हणाल्या की माझी मुलगी कॉलेजातनं आल्यावर फिरायला जाते ती गच्चीवर, वीस फेऱ्या गच्चीवर मारते. त्यानंतर आठ फुटी भिंतीचा विषय कुणी काढलाच नाही.

विहिरीवर मात्र वाद झाला. दोघा-तिघांना लेकरांची भीती वाटते आणि ती खोटी नाही, मीही बाप आहे. शेवटी ठरलं की आधी जाळी आणि कठडा, त्याशिवाय बागेचं दुसरं कुठलंही काम सुरू करायचं नाही. कारंजं काढायला सगळे तयार झाले, कमानीवर अजून अडलंय, काहींना वसाहतीचं नाव पाहिजेच. मी म्हटलं नाव दगडावर कोरू, दाराशी ठेवू. बघू.

क्रिकेटच्या पोरांना बोलवलं होतं. चाळीस बाय पंचवीस त्यांनी स्वतः पावलांनी मोजून खुंट्या ठोकल्या. पाणी साठतं तो कोपरा पण त्यांनाच माहीत, दरवर्षी जुलैत त्यांचा बॉल तिथंच बुडतो म्हणे.

काका, तुम्ही विचारलं होतं ना, ड्रॉइंगमध्ये माळ्याची खोली नव्हती. नळही नव्हता.

आता अर्ज करायचाय, माहिती अधिकाराचा वेगळा आणि टेंडरमध्ये देखभाल धरा म्हणून वेगळा. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहायला बसलो की चुका होतात, आणि येत्या सोमवारी द्यायचाय.

---

तिसऱ्या_गेटजवळचा

मुद्दे मराठीत पाठव, उद्या रात्रीपर्यंत दोन्ही अर्ज कन्नडात करून देतो. सर्व्हे नंबर आणि लेआउट मंजुरीची तारीख न विसरता लिही. पैसे वगैरे काही विचारू नको. जून जवळ आलाय, काका म्हणतात तसे खड्डे आधी काढायला घ्या.